जेल प्रतिसाद देत नाही: संवेदी हायड्रोजेलचा एम.एस्सी. प्रकल्प आणि कोल्हापूरचा एप्रिल

रंकाळावारा (धागाकर्ता)
१२ एप्रिल, रात्री १०:४०

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून माझा संशोधन प्रकल्प तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या हायड्रोजेलवर आहे. या विषयाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडेसे सांगतो. सब्जाचे बी पाण्यात टाकल्यावर त्याभोवती जो पारदर्शक, बुळबुळीत थर धरतो, तो हायड्रोजेलच होय. पाण्यात विरघळू पाहणाऱ्या लांबलचक साखळ्या जागोजाग एकमेकींना बांधलेल्या असल्या की त्यांना विरघळता येत नाही, त्या फक्त पाणी धरून फुगतात. सब्जा एकदा फुगला की पाण्यात तसाच राहतो. परंतु काही जेल अशी असतात की तापमान, सामू किंवा पाण्यातील क्षार बदलले की ती धरलेले पाणी सोडून आकसतात आणि परिस्थिती पूर्ववत झाली की पुन्हा फुगतात. त्यांना आम्ही संवेदी किंवा उद्दीपन-प्रतिसादी जेल म्हणतो.

माझे जेल एन-आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलामाइडचे आहे, ज्याला प्रयोगशाळेत सगळे निपाम म्हणतात. साखळ्या बांधण्यासाठी मिथिलीन बिस-अ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे आमचे ‘बिस’, आणि अभिक्रिया सुरू करण्यासाठी एपीएस व टेमेड वापरले. पहिली बॅच फेब्रुवारीत केली होती आणि ती काचेसारखी स्वच्छ निघाली. दुसरी बॅच मागच्या आठवड्यात दुपारी केली. टेमेड पडताच सात-आठ मिनिटांत जेल बसले, नळी हाताला चांगलीच गरम लागली आणि आतला गोळा दुधासारखा पांढरा दिसला. दोन्ही बॅचच्या चकत्या टेबलावरच्या बाटलीत, आसुत पाण्यात ठेवल्या आहेत. वहीत ‘कक्ष तापमान २५ अंश’ असे लिहून तिथूनच चकत्या थेट ४५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये टाकल्या, तर वजनात जेमतेम फरक पडला. चार वेळा करून पाहिले. गाइड म्हणतात की मोनोमर, म्हणजे ज्याच्या साखळ्या बनतात ते निपाम, खराब असेल, नवीन मागवा. मात्र त्याची किंमत पाहता आणि व्हायवाला उरलेले पाच आठवडे पाहता ते शक्य दिसत नाही. कोणी मार्ग सुचवावा.

सागरमाळ
१२ एप्रिल, रात्री ११:२५

मी याच प्रकारच्या जेलवर पीएच.डी. करीत आहे, म्हणून उत्तरापूर्वी दोन प्रश्न विचारतो. तुमची प्रयोगशाळा कोणत्या मजल्यावर आहे? आणि ‘कक्ष तापमान २५ अंश’ हा आकडा तुम्ही तापमापीवर वाचला, की तो वहीत तसाच लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला?

पॉली-निपामचे संक्रमण ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. त्याखाली ते पाणी धरते, त्यावर सोडते. सध्या आपल्याकडे दुपारी पारा ३७-३८ पर्यंत जातो आहे आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्लॅबची धग वेगळीच असते. म्हणजे वॉटर बाथमध्ये टाकण्याआधीच तुमच्या चकत्या टेबलावर आकसून बसलेल्या असणार. आकसलेल्या जेलला आणखी आकसायला सांगून ते ऐकत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी सातच्या आत प्रयोगशाळा उघडून मिळत असेल तर फक्त एवढेच करा: तापमापी बाटलीत बुडवून तापमान वाचा आणि चकत्यांकडे नीट पाहा. दुपारी दीड वाजता पुन्हा तेच करा.

रंकाळावारा
१३ एप्रिल, दुपारी २:१०

वरचा मजला, पश्चिमेची खिडकी. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना लाज वाटते, पण तो आकडा मी वाचलेला नव्हता.

शिपाईमामांना विनंती करून पावणेसातला आत गेलो. बाटलीतील पाणी २४ अंश होते. फेब्रुवारीच्या चकत्या पाण्यात अक्षरशः दिसत नव्हत्या; बाटली कलती केल्यावर कड चमकली तेव्हा त्या आहेत हे कळले, आणि एक चकती बाटलीमागच्या लेबलवर धरली तर खालचे अक्षर वाचता येत होते. दुपारी दीडला त्याच बाटलीत ३५ अंश होते आणि त्याच चकत्या शहाळ्यातल्या मलईसारख्या पांढऱ्या, जाडसर आणि निम्म्याहून लहान होऊन तळाशी बसल्या होत्या. दोन महिने जेल रोज माझ्यासमोर प्रतिसाद देत होते आणि मी मात्र ते प्रतिसाद देत नाही असे लिहीत होतो.

एक गोष्ट अजून उलगडत नाही. एप्रिलच्या बॅचच्या चकत्या सकाळी २४ अंशांनाही पांढऱ्याच होत्या. थोड्या फुगल्या होत्या, पण स्वच्छ झाल्या नाहीत.

निवृत्त वर्ग
१३ एप्रिल, रात्री ९:०५

भौतिक रसायनशास्त्र शिकवून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, त्यामुळे यंत्रांबद्दल माझे ज्ञान जुने समजावे. पण तुमच्या दोन बॅचमधील फरक यंत्राविनाही समजण्यासारखा आहे.

साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, पॉली-निपामचे उलट आहे. त्याच्या साखळीवरचा अमाइड गट पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतो, तर आयसोप्रोपिल गट पाण्याला नकोसा असतो आणि त्याच्याभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत उभे राहिलेले असतात. गारव्यात ही मांडणी टिकते. तापमान वाढले की शिस्तीत उभ्या राहिलेल्या त्या पाण्याला मोकळे होण्यातच एन्ट्रॉपीचा लाभ असतो, ते सुटते, आणि नको असलेले गट एकमेकांना बिलगतात. १९६८ साली हेस्किन्स आणि गिलेट यांनी या पॉलिमरच्या जलीय द्रावणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ३२ अंश हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. याला खालचे क्रांतिक द्रावण तापमान म्हणतात. जाळे बांधलेले असेल तर पॉलिमर खाली बसू शकत नाही, म्हणून सगळे जाळेच आकसते.

आता तुमची एप्रिलची बॅच पाहा. खोली ३५ अंश आणि अभिक्रिया उष्णतादायी, म्हणजे नळीच्या आत तापमान ४५ च्या पुढेही गेले असेल. साखळ्या जन्मतःच पाण्याला नकोशा अवस्थेत होत्या, त्यामुळे त्या वाढता वाढताच गोळा झाल्या आणि बिसने त्यांना त्याच अवस्थेत बांधून टाकले. परिणामी जाळे एकसारखे न होता दाट गुठळ्या आणि त्यांच्यामधील मोठी छिद्रे अशा स्वरूपाचे झाले. गार केल्यावर गुठळ्या फुगतात, पण घनतेतील फरक राहतो, प्रकाश विखुरला जातो आणि जेल पांढरे दिसते. ही बॅच बिघडलेली आहे असे मात्र समजू नका. छिद्रांतून पाण्याला वाट मिळत असल्यामुळे अशी जेल पुष्कळदा स्वच्छ जेलपेक्षा लवकर आकसतात, आणि मुद्दाम जास्त तापमानाला जेल बनवून हा परिणाम साधणारे संशोधनही झालेले आहे. तुमच्या हाती चुकून तुलनेची दुसरी बाजू आली आहे. तिची कारणमीमांसा केली तर प्रकल्पाचे एक प्रकरण तयार होते.

यावरून तोयोइची तानाका यांची आठवण होते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये त्यांनी पॉलीअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलवर अ‍ॅसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणात काम केले आणि १९७८ साली दाखवून दिले की जेलचे आकारमान हळूहळू न बदलता एका टप्प्यावर एकदम कोसळू शकते. या गोष्टीतील विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा भाग असा की ताज्या जेलमध्ये बदल सावकाश दिसे आणि महिनाभर मुरलेल्या जेलमध्ये तो एकदम होई. टेमेड हा आम्लारी असल्यामुळे साठवणीत काही अमाइड गटांचे हळूहळू कार्बोक्झिल गटांत रूपांतर होत होते आणि जाळ्यावर विद्युतभार येत होता, हे स्पष्टीकरण पुढे १९८० मध्ये आले. निपामचा अमाइड गट त्या मानाने चिवट आहे, पण लोणच्याच्या बरणीप्रमाणे जेलच्या बाटलीवरही तारीख हवी, एवढे यावरून नक्की ठरते.

मिसळप्रेमी
१३ एप्रिल, रात्री ९:४०

विषय माझा नाही, मी वाणिज्य शाखेचा आहे. पण वाचताना प्रश्न पडला की खरवस हेही असेच जेल नव्हे का? चीक पातळ असतो आणि उष्णता लागली की घट्ट होतो.

सागरमाळ
१३ एप्रिल, रात्री १०:०२

खरवस जेल आहे, पण एकेरी वाटेचे. उष्णतेने चिकातील प्रथिने उलगडतात आणि कायमची एकमेकांत गुंततात. खरवस फ्रीजमध्ये ठेवला तर त्याचा पुन्हा चीक होत नाही. संवेदी जेलला परत येता आले पाहिजे, आणि तेही एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा.

रंकाळावारा, आता तुमच्याकडे. स्वच्छ बॅच पुन्हा करायची असेल तर द्रावण बर्फाच्या पाण्यात ठेवून नायट्रोजनचा बुडबुडा निदान पंधरा मिनिटे सोडा, कारण विरघळलेला ऑक्सिजन मुक्तमूलकांना, म्हणजे साखळी वाढवणाऱ्या क्रियाशील कणांना, गिळतो आणि मग जेल कधी बसते, कधी बसत नाही. टेमेड शेवटी घाला आणि नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. जेल बाहेर काढण्यासाठी परीक्षानळी फोडत असाल तर ते थांबवा. काचेची कपची चकतीत राहिली की सगळी वजने वाया जातात. प्लॅस्टिकच्या सिरिंजचे तोंड ब्लेडने कापून तिच्यातच जेल बसवले तर दट्ट्या ढकलताच दंडगोल अलगद बाहेर येतो. त्याहून उत्तम म्हणजे काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये एक मिलिमीटर जाडीची रबरी गॅस्केट दाबून पातळ पत्रा बनवा. गॅस्केटचे रबर आणि गोल चकत्या पाडायचा पंच दोन्ही उद्यमनगरात सहज मिळतात.

जाडीचा आग्रह धरण्याचे कारण आहे. जेल फुगण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे तानाका आणि फिलमोर यांनी १९७९ मध्ये मांडले. म्हणजे चार मिलिमीटरच्या चकतीला समतोल गाठायला सोळा तास लागत असतील, तर तितक्याच तापमानाला एक मिलिमीटरच्या चकतीला साधारण एकच तास पुरेल. विद्यार्थी बहुधा जाड चकत्या घेतात, अर्ध्या तासाने वजन करतात आणि समतोल आला असे लिहून मोकळे होतात. शिवाय जाड चकती थेट ४५ अंशांत टाकली की बाहेरचा थर आधी आकसून कातडीसारखा घट्ट होतो, आतले पाणी कोंडते आणि पृष्ठभागावर फोड येतात. तुमच्या चकत्यांवर असे फोड आले होते का?

रंकाळावारा
१३ एप्रिल, रात्री १०:३०

आले होते. उकडलेल्या भाताच्या शितांएवढे फोड होते. मला ते हवेचे बुडबुडे वाटले म्हणून मी ते सुईने फोडले आणि त्या चकत्यांची वजनेही तशीच नोंदवली. ती सगळी नोंद आता खोडत नाही, फक्त शेजारी खरे कारण लिहून ठेवतो.

गुऱ्हाळकर
१४ एप्रिल, सकाळी ७:५०

आमचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे आणि मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, म्हणून धागा आवडीने वाचतो आहे. गुऱ्हाळात रस तापत असताना आम्ही भेंडीची ठेचलेली झाडे पाण्यात भिजवून तो चिकट द्राव काहिलीत घालतो. रसातील मळी त्याला धरून वर येते आणि झाऱ्याने काढता येते. हाताला लागला तर सहज न निघणारा तो बुळबुळीत पदार्थ म्हणजेही साखळ्यांचे जाळेच असणार. परदेशी मोनोमर विकत घेण्यापेक्षा आपल्या विद्यार्थ्यांनी या भेंडीच्या चिकावर किंवा साखर कारखान्यांच्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, काम का करू नये? बगॅसमध्ये सेल्युलोज भरपूर असते.

निवृत्त वर्ग
१४ एप्रिल, सकाळी ११:१५

कल्पना चांगली आहे. भेंडीचा चीक हा पॉलिसॅकराइड आहे आणि त्यात कार्बोक्झिल गटही असतात, म्हणून त्याला सामूचा प्रतिसाद असणे शक्य आहे. बगॅसच्या सेल्युलोजपासून कार्बोक्झिमिथिल सेल्युलोज करून त्याचे जेल बनवता येते. पण एक अडचण प्रामाणिकपणे सांगावीशी वाटते. निपामची बाटली दर वेळी तीच असते; भेंडी मात्र दर वेळी वेगळी असते. जात, वय, ती कोणत्या महिन्यात तोडली, ठेचून किती वेळ भिजवली, या सगळ्यांनी साखळीची लांबी आणि गटांचे प्रमाण बदलते. पाच आठवड्यांच्या प्रकल्पात हे निस्तरत नाही, आणि मग विद्यार्थी एका बॅचचा एक आकडा देऊन ‘स्वदेशी, पर्यावरणपूरक, स्मार्ट’ असे शीर्षक लावतो. पहिल्या वर्षापासून वर्षभर एकाच शेतातील भेंडी घेऊन काम करणार असेल तर मी स्वतः त्याला मदत करीन.

दुसरी बॅच
१४ एप्रिल, दुपारी ४:३०

मीही एम.एस्सी.चीच विद्यार्थिनी आहे. माझा प्रकल्प सोडियम अल्जिनेटच्या मण्यांवर आहे. अल्जिनेटचे द्रावण सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडले की साबुदाण्यासारखे मणी होतात. त्यांत औषध भरून मी ते सामू १.२ च्या आम्लात आणि सामू ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये (सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणात) ठेवले. आम्लात दोन तासांत फारच थोडे औषध सुटले आणि बफरमध्ये जवळपास सगळे सुटले. यावरून जेल सामू-संवेदी आहे असा निष्कर्ष मी लिहिला आहे. वरची चर्चा वाचून मात्र धास्ती वाटू लागली आहे. सर, हा निष्कर्ष बरोबर आहे ना?

निवृत्त वर्ग
१४ एप्रिल, रात्री ८:४५

ताई, धास्ती वाटली हे चांगले लक्षण आहे. निष्कर्ष चुकीचाच आहे असे मी म्हणणार नाही, पण तो तुमच्या प्रयोगातून निघत नाही.

अल्जिनेटच्या साखळ्यांना कॅल्शियमचे आयन बांधून ठेवतात. अंड्यांच्या खोक्यात अंडी बसावीत तसे आयन साखळ्यांच्या घड्यांत बसतात, ही प्रतिमा १९७३ पासून रूढ आहे. आता तुमच्या बफरमध्ये काय आहे ते पाहा. फॉस्फेट आहे, आणि फॉस्फेटला कॅल्शियम फार प्रिय आहे. सोडियमही भरपूर आहे, तो कॅल्शियमच्या जागी शिरतो. मण्यांना बांधणाऱ्या गाठीच सुटल्या तर औषध सुटणारच. ते सामूमुळे सुटले की गाठी सुटल्यामुळे, हे तुम्ही वेगळे करून पाहिलेले नाही. तुमचे बफर काही तासांनी किंचित गढूळ झाले होते का ते आठवून पाहा. झाले असेल तर तो कॅल्शियम फॉस्फेटचा साका आहे, औषध नव्हे, आणि त्याने तुमच्या शोषणमापनातही घोळ घातला असणार.

उपाय महागडा नाही. सामू ७.४ चेच, पण फॉस्फेट नसलेले ट्रिस बफर करा, सोडियमचे प्रमाण मिठाने तेवढेच ठेवा आणि त्यात मणी टाका. मग फॉस्फेटचा वाटा किती आणि उरलेल्याचा किती ते दिसेल. त्यानंतर सामू बदलत जा, पण प्रत्येक द्रावणाची आयनिक तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या आयनांचे एकूण प्रमाण, एकच ठेवा. ही अट न पाळल्यामुळे वाया गेलेले प्रकल्प मी अनेक पाहिले आहेत. विद्युतभारित जेल फुगण्यामागे त्याच्या पोटातील प्रतिआयनांचा परासरण दाब असतो. बाहेरच्या पाण्यात मीठ वाढले की आतल्या-बाहेरच्या दाबातील फरक कमी होतो आणि सामू तोच असूनही जेल आकसते. बाळाच्या डायपरमधील दाणे आसुत पाण्यात वजनाच्या काहीशे पट पाणी धरतात, पण ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात साधारण तीस ते साठ पटच. तेव्हा सामूबरोबर मीठही बदलत असेल तर तुम्ही कोणत्या उद्दीपनाचा प्रतिसाद मोजता आहात, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आणि शेवटची कसोटी. ७.४ मध्ये फुगलेले मणी पुन्हा १.२ मध्ये टाका. ते मूळ आकाराला येतात, की त्यांचे तुकडे झालेले असतात? तुकडे झाले असतील तर त्याला विघटन म्हणावे. औषध पोटाऐवजी आतड्यात सोडायचे असेल तर विघटनही उपयोगाचेच आहे, फक्त त्याला त्याच नावाने हाक मारावी.

दुसरी बॅच
१४ एप्रिल, रात्री ९:२०

बफर गढूळ झाले होते. मी ते गाळून रीडिंग घेतले होते. उद्याच ट्रिस बफर करते. धन्यवाद सर.

धोटा
१५ एप्रिल, दुपारी १:००

इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी येतो आणि सांडपाण्यातील रंग शोषून घेणारे हायड्रोजेल केले आहे असे सांगतो. कोणता रंग घेतला असे विचारले की उत्तर ठरलेले असते, मिथिलीन ब्लू. हा रंग धनभारित आहे आणि ही जेल बहुतेक अ‍ॅक्रिलिक आम्लाची, म्हणजे ऋणभारित असतात. ते एकमेकांना चिकटले नसते तरच नवल. आमच्याकडे सुती कापडाला प्रामुख्याने रिअ‍ॅक्टिव्ह रंग लागतात, त्यांच्या रेणूवर सल्फोनेटचे ऋणभार असतात, आणि रंगाईत मीठ आणि सोडा ओतलेला असल्यामुळे त्या पाण्यात क्षार भरपूर व सामू चढा असतो. असे जेल त्या पाण्यात टाकले तर रंग त्याच्याकडे फिरकत नाही आणि जेलही आकसून बसते. कायटोसॅनच्या जेलवर आम्लात धनभार येतो, तिथे काही आशा आहे, पण त्यासाठी पाण्याचा सामू खाली आणण्याचा खर्च कोण करणार, हेही प्रकल्पात लिहावे. कोणाला खऱ्या सांडपाण्याचा नमुना हवा असेल तर मी मिळवून देतो. स्वच्छ धुतलेली बाटली मात्र घेऊन यावे. मागे एक जण सरबताची बाटली तशीच घेऊन आला होता.

सागरमाळ
१५ एप्रिल, सायंकाळी ६:३५

धोटा यांनी जे रंगांबद्दल लिहिले, तेच शेतीबद्दलही खरे आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा हायड्रोजेल हे कोरडवाहू शेतीत ओल टिकवण्यासाठी विकसित झालेले उत्पादन आहे, आणि त्याचा दाखला देऊन आपल्याकडील प्रकल्पांची प्रस्तावना नेहमी दुष्काळाने सुरू होते. कोल्हापूर जिल्ह्यात बसून ती लिहिताना निदान खिडकीबाहेर पाहावे. शिरोळकडे प्रश्न पाण्याच्या अभावाचा नाही, अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनीचा आहे. अशा मातीतील क्षारांत, विशेषतः कॅल्शियम असेल तर, हे जेल आसुत पाण्यातल्या आकड्याच्या जवळपासही फुगणार नाही. शिरोळच्या मातीचा अर्क घेऊन त्यात फुगण्याचे प्रमाण किती घटते एवढेच कोणी नीट मोजले, तरी ते काम मी दुष्काळाच्या दहा प्रस्तावनांपेक्षा मोलाचे मानीन.

रंकाळावारा
२४ एप्रिल, रात्री ११:५०

उशिराबद्दल क्षमस्व. आठ-दहा दिवस प्रयोगशाळेतच गेले.

उद्यमनगरातून एक मिलिमीटरचे रबर आणि पंच आणला. बर्फात द्रावण ठेवून पातळ पत्रा बसवला. तो इतका स्वच्छ निघाला की काच उघडल्यावर जेल कुठे आहे ते बोटाने चाचपून पाहावे लागले. चकत्या सात दिवस रोज पाणी बदलून धुतल्या. न जुळलेला मोनोमर विषारी असल्यामुळे ते धुवण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवले आहे. हातमोजे आधी मी क्वचितच घालत होतो, आता घालतो. कोरडे वजन त्याच बॅचच्या वेगळ्या चकत्या ओव्हनमध्ये स्थिर वजनापर्यंत वाळवून काढले.

वॉटर बाथ खोलीच्या खाली नेता येत नसल्यामुळे थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाचे तुकडे कमी-जास्त करीत २० अंश राखले आणि तिथून दोन-दोन अंशांनी वर गेलो. ०.११८ ग्रॅम कोरड्या वजनाची चकती २० अंशांना २.०१ ग्रॅम भरली, म्हणजे दर ग्रॅमला सोळा ग्रॅम पाणी. ४० अंशांना तीच ०.२९ ग्रॅम भरली, म्हणजे दीड ग्रॅमच्या आत. बहुतेक सगळी घसरण ३१ ते ३४ अंशांच्या दरम्यान झाली. पुन्हा गार केल्यावर पाच फेऱ्यांमध्ये वजन मूळ आकड्याच्या जवळ येत राहिले, फक्त पाचव्या फेरीत एका चकतीची कड चिमट्याने तुटली, म्हणून ती गाळली आहे. वजन करण्यापूर्वी पृष्ठभागावरचे पाणी टिपताना दर वेळी टिश्यू किती वेळ टेकवायचा याचा हात बसायला दोन दिवस लागले. सुरुवातीला त्यानेच आकडे वर-खाली होत होते.

संक्रमणाचे तापमान मोजणाऱ्या डीएससी यंत्राची पाळी महिनाभर मिळणार नव्हती. त्यावर सागरमाळ यांनी निरोपात सुचवलेला उपाय उपयोगी पडला. बिस न घालता फक्त साखळ्यांचे पॉलिमर केले, त्याचे एक टक्का द्रावण नळीत घेतले आणि शाळेत थायोसल्फेटच्या प्रयोगात करायचो तशी कागदावरची फुली नळीतून पाहत पाणी हळूहळू तापवले. ३२ च्या किंचित पुढे फुली एकाएकी नाहीशी झाली. थोडे मीठ घातल्यावर ती त्याहून कमी तापमानालाच नाहीशी झाली.

एप्रिलची पांढरी बॅच टाकली नाही. मात्र ती चार मिलिमीटर जाड असल्यामुळे पातळ चकतीशी तिची तुलना योग्य ठरत नव्हती, म्हणून तीच जाडी ठेवून स्वच्छ चकत्याही केल्या. २० अंशांवरून ४० ला नेल्यावर पांढरी चकती स्वच्छ चकतीच्या बरीच आधी आकसते आणि तिच्यावर फोडही येत नाहीत. गाइडना हे दाखवल्यावर त्यांनी मोनोमर मागवण्याचे पत्र परत घेतले.

एकच शंका राहिली आहे. फेब्रुवारीच्या चकत्या दोन महिने टेबलावर रोज दुपारी आकसत आणि रात्री फुगत होत्या. त्यांना आता प्रबंधिकेत घ्यावे, की टाकून द्याव्यात?

निवृत्त वर्ग
२५ एप्रिल, सकाळी ६:३०

टाकू नका. फेब्रुवारीपासून आजपर्यंत त्या जवळपास साठ वेळा आकसल्या आणि फुगल्या आहेत, आणि इतक्या फेऱ्या मुद्दाम करायला विद्यार्थ्याला कधी सवड मिळत नाही. मात्र त्या काळातील तापमानाची नोंद नसल्यामुळे ‘साठ फेऱ्या’ असे लिहू नका. ‘अनियंत्रित कक्ष तापमानात दोन महिने ठेवलेल्या चकत्या’ असे लिहा, त्यांचे २० आणि ४० अंशांचे वजन घ्या, नव्या चकत्यांच्या आकड्यांशेजारी ठेवा आणि परीक्षकांनी विचारले तर सकाळी पावणेसातची गोष्ट सांगा. धुवणाच्या कॅनवरही नाव आणि तारीख लिहिली आहे ना, तेवढे पाहून घ्या.